स्टुलाची जागा

आई गेली तरी घरातले नियम गेले नव्हते. खोलीत पाऊल टाकलं की आपण कोण ते सांगायचं. दार एक तर सताड उघडं ठेवायचं, नाहीतर पूर्ण बंद. आणि हलवलेली वस्तू परत जागेवर. आईची दृष्टी पार गेली त्या वर्षी तिनंच हे घालून दिलं होतं. दादानं तेव्हा खालच्या घरच्याच सायकलच्या दुकानातून फ्रेमला लावायचा पिवळा रंग आणला आणि प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या, स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर छोटे गोल काढले. आईला ते दिसणार नव्हते. ते डोळस माणसांसाठी होते. "तुम्हाला दिसतं ना, म्हणून तर तुमचं लक्ष नसतं," ती म्हणायची.

त्या रविवारी सकाळी बारक्या जिन्यातूनच ओरडत आला.

"बारक्या! बारक्या येतोय! दोन्ही हातांत पिशव्या, आणि चपला बाहेर काढल्यात!"

"अरे, कुणाला सांगतोयस?" ताई आतून म्हणाली.

बारक्या दारात थबकला. तो लांब पल्ल्याची बस चालवतो. रात्रभराच्या ड्यूटीवरून थेट इकडेच आला होता. "सवय," तो म्हणाला. "तू नाही सांगत?"

"मघाशी बाथरूममध्ये शिरतानासुद्धा सांगितलं," ताई म्हणाली, आणि मग दोघं बरंच हसली.

दादा टेबलाशी बसून संध्याकाळी बोलायचं भाषण लिहीत होता. तोही हसला, पण उशिरा. संध्याकाळी खाली दुकानात जुनी गिऱ्हाईकं, शेजारी, चार नातेवाईक जमणार होते. आईची आठवण काढायची, चहा प्यायचा, एवढंच. दादाच्या कागदावर चौथ्या ओळीपर्यंत मजकूर गेला होता: 'वडील गेल्यावर आईनं एकटीनं दुकान चालवलं. ओला केलेला वरचा ओठ ट्यूबजवळ नेऊन ती सुईच्या टोकाएवढं पंक्चर शोधायची. शेवटची वर्षं तिनं आपला अंधार शांतपणे स्वीकारला आणि आपल्या खुर्चीत समाधानानं काढली.'

शेवटचं वाक्य त्याला आवडलं होतं. तो ते पुन्हा वाचत असताना कोपराशी चहाचा कप ठेवला गेला आणि तो दचकला.

वहिनी आली होती. म्हणजे त्याची बायको. आली कधी, ते त्याला कळलं नव्हतं. ती हल्ली खोलीत येताना काही बोलत नसे. घरातली बाकीची सगळी, आई नसताना, वेड्यासारखी आपापली नावं सांगत फिरत होती आणि ही एकटी गप्प येत-जात होती. हे कधीपासून, याचा दादानं क्षणभर मनाशी माग काढला. माग आई पडली त्या दिवसापर्यंत जाऊन पोचतोय असं दिसल्यावर त्यानं तो सोडून दिला आणि चहा घेतला.

तिनं काल त्याला सांगितलं होतं, की उद्याचा कार्यक्रम झाला की ती लॅबजवळ एक खोली घेतलीय तिथे राहायला जाणार. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची आणि निकाल सांगावा तशाच आवाजात तिनं हे सांगितलं होतं.

"का?" त्यानं विचारलं होतं.

"तुम्हाला माहीत नसेल तर मी सांगून काय उपयोग?"

बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. घरात हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

*

ताईचं वहिनीवर लक्ष होतं. लक्ष ठेवणं हा तिचा पेशाच होता. ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होती. वाण्याच्या तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक ती दुकानाच्या पायरीवरून ओळखते, असं तिच्या कचेरीत म्हणत.

वहिनी खुर्चीवर बसून टोमॅटो चिरत होती. ती उठून ओट्याकडे गेली. ताई पुढे झाली, आणि ती खुर्ची बोटभर सरकवून पिवळ्या गोलांत नीट बसवली. आई गेल्यापासून ती दर भेटीत हेच करत आली होती. वहिनी जिथून उठे, तिथे ताई जाऊन वस्तू सरळ करे.

बारक्यानं ते पाहिलं आणि पिशवीतले कागदी कप मोजायला घेतले.

आई पडली ती स्टुलाला अडखळून. स्टुलाची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी होती. त्या दिवशी ते खोलीच्या मधोमध आडवं पडलेलं सापडलं. त्या सकाळी सर्वांत शेवटी घरातून बाहेर पडली होती वहिनी, आणि बूट घालायला ती त्याच स्टुलावर बसत असे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताईनं विचारलं होतं, "स्टूल कुणी हलवलं?" वहिनी म्हणाली होती, "मी नाही." मग ताईनं दादाकडे पाहिलं होतं, आणि दादानं फरशीकडे. ऑपरेशननंतर आई नीट शुद्धीवर आलीच नाही. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्याची गरजच उरली नव्हती. ताईनं मावशीला सांगितलं, मावशीनं बाकीच्यांना, आणि सगळ्या नात्यात ते घडलेलं म्हणून जमा झालं.

"वहिनी, संध्याकाळी तू काही बोलणार आहेस?" ताईनं विचारलं.

"नाही."

"बरंय. सून काही बोलली तर बरं दिसतं, म्हणून विचारलं."

"दिसण्याचं तुम्ही बघा, ताई," वहिनी म्हणाली. सुरी तिच्या हातात त्याच तालात चालू होती.

*

पिंगी, म्हणजे दादाची सोळा वर्षांची मुलगी, या असल्या बोलण्यांत सापडू नये म्हणून काम शोधत होती. दुकानातलं ग्रीसनं माखलेलं टेबल झाकायला कापड हवं होतं. मागच्या खिडकीचा पडदा चालेल, असं ती म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिनं स्टूल उचललं.

"ते कुठे नेतेस?" ताई म्हणाली.

"पडदा काढायला, आत्या. लगेच ठेवते जागेवर. शपथ."

ते स्टूल आजोबांच्या वेळचं, एक पाय आखूड असलेलं. कुठेही ठेवा, ते लंगडायचं. पिंगी लहानपणी त्यावर मुद्दाम डुलत बसायची आणि आजी ओरडायची, "पिंगे, घोडा बांध!" आता पिंगीनं ते खिडकीखाली ठेवलं, जरा पुढे-मागे केलं, आणि तोल सांभाळायच्या तयारीनं वर चढली. स्टूल हललं नाही. तिनं अंग इकडे तिकडे झुकवून पाहिलं. स्टूल जमिनीत रुजल्यासारखं उभं.

"काका, इकडे ये ना. हे डुलत नाहीये."

बारक्या आला, वाकला, मग खाली बसला. जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमच्या मऊ थरात चार खड्डे पडले होते. स्टुलाचे चारही पाय त्यांत बसले होते. तीन खड्डे खोल होते आणि आखूड पायाखालचा उथळ.

"ताई," बारक्या म्हणाला, "तुझं खातं इकडे बोलाव."

ताईनं पडदा बाजूला केला. ती गुडघ्यांवर बसली, स्टूल उचललं, पुन्हा ठेवलं. फिरवून ठेवलं तेव्हा ते लंगडलं. पहिल्यासारखं ठेवलं तेव्हा शांत झालं. तिनं खड्ड्यात करंगळीचं टोक घालून पाहिलं. कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"पूर्वी इथे कपाट असेल," दादा टेबलापासून म्हणाला.

"कपाटाचा पाय आखूड नसतो," ताई म्हणाली. तिचा आवाज कचेरीतला झाला होता. "हे एका दिवसाचं नाही. कुणीतरी रोज इथे बसलंय. वर्षानुवर्षं. आणि रोज एकाच पद्धतीनं ठेवलंय, पायांनी जागा चाचपून."

घरात वस्तू पायांनी चाचपून ठेवणारं एकच माणूस होतं.

पिंगीनं खिडकी उघडली. ही खिडकी मागच्या गल्लीवर उघडायची. दुकान पुढच्या बाजूला, त्यामुळे तिकडून इकडचं काही ऐकू येत नसे. गल्लीत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी सायकल हातात धरून चालत होती. तिनं वर पाहिलं.

"ओ, आजींच्या खिडकीत कोण आहे?"

"मी त्यांची नात. तू कोण?"

"मी दुसऱ्या तुकडीतली."

"कसली तुकडी?"

"सायकलची!" मुलीला हा प्रश्नच विचित्र वाटला. "पहिल्या तुकडीतले आता हात सोडून चालवतात. आमचं वळण घ्यायचं राहिलं, तेवढ्यात आजी गेल्या. मी अजून कोपऱ्यावर उतरते."

ताई पिंगीच्या खांद्यावरून पुढे वाकली. "अगं, पण त्यांना तर दिसत नव्हतं."

"माहितीये की. आम्हाला आधी वाटायचं, पडलो तरी कळणार नाही. पण कळायचं. त्या वरून ओरडायच्या, 'कोण पडलं ते आधी सांगा, रडायचं नंतर!' साखळी वाजली की म्हणायच्या, 'घरी जा, तेल घाल, मग तोंड दाखव.' आणि सारखं, 'पायांकडे बघू नकोस, समोर बघ.'" मुलीनं थोडं थांबून भर घातली, "मी म्हटलं एकदा, तुम्हाला काय माहीत मी कुठे बघते? तर म्हणाल्या, खाली बघणाऱ्याचा आवाज खाली पडतो."

बारक्या हसायला लागला आणि हसता हसता त्यानं मनगटानं डोळे पुसले.

"रोज शिकवायच्या?" पिंगीनं विचारलं.

"शाळा सुटल्यावर रोज. त्या स्कूटरवाल्या काकू यायच्या ना घरी, तोपर्यंत."

"म्हणजे माझी मम्मी. तिला घाबरायच्या?"

"नाही! काकूंना माहीतच होतं. त्या कधीकधी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर बंद करून थांबायच्या, आमचं संपेपर्यंत. आजी घाबरायच्या दुकानातल्या काकांना. ते मधेच वर यायला लागले की आजी म्हणायच्या, 'पळा रे, जाळीवाला आला!' आणि खिडकी बंद."

दादा एव्हाना त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. आईची दृष्टी गेल्यावर त्यानंच म्हटलं होतं, की या खिडकीला जाळी बसवून घेऊ, वाकलीबिकली तर. आई म्हणाली होती, "मी कशाला जाईन खिडकीशी? माझी खुर्ची बरी आहे."

ती पडली त्या दिवशी दुपारी तो चष्मा विसरला म्हणून वर आला होता. निम्म्या जिन्यात असताना त्याला वरून धडपडल्याचा आवाज आला होता. आजवर तो आवाज त्याला नुसता पडण्याचा वाटत आला होता. आता त्याच्या लक्षात आलं, की त्या आवाजाच्या आधी आणखी एक आवाज होता: खिडकी घाईनं बंद केल्याचा.

तो परत टेबलाशी गेला. कागदावरचं ते आवडलेलं वाक्य त्यानं खोडलं. त्या जागी काय लिहावं ते त्याला सुचलं नाही.

*

ताई स्वयंपाकघरात आली. दारात थांबून म्हणाली, "मी. ताई."

वहिनी वळली नाही. "ऐकलं मी सगळं. दार उघडंच होतं."

"तुला माहीत होतं."

"लादी मीच पुसते, ताई. आईंची दृष्टी गेल्यावर तिसऱ्याच वर्षी मला खड्डे दिसले. मी विचारलं, तर आई इतक्या हसल्या. म्हणाल्या, दादाला सांगू नकोस, माझी शाळा बंद करेल."

"मग हॉस्पिटलमध्ये बोलली का नाहीस?"

"आई आत ऑपरेशनला, आणि मी बाहेर उभी राहून म्हणू, की त्यांनीच हलवलं?"

"नंतर तरी."

"नंतर मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही खुर्च्या सरळ करत होतात."

ताई ओट्याला टेकली. बाहेर बारक्या मुलीला सांगत होता, की संध्याकाळी पहिल्या तुकडीलाही घेऊन ये, बिस्किटं आहेत.

"मी चुकीचं माप केलं तुझं," ताई म्हणाली.

"तुम्ही केलंच नाहीत, ताई. केलं असतंत तर चाललं असतं."

ताईनं एक सुरी घेतली आणि उरलेले टोमॅटो चिरायला लागली. थोड्या वेळानं, दुसरीकडेच बघत, ती म्हणाली, "मला कधी शिकवली नाही तिनं सायकल. सायकलवालीची मुलगी आणि मला येत नाही. दरवेळी म्हणायची, गिऱ्हाईक आहे, उद्या. आणि ही पोरं बघ. दुसरी तुकडी."

वहिनीनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तुमचं नाव घ्यायच्या त्या, खिडकीत बसल्या की."

"उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"मी कधी उगाच बरं वाटावं म्हणून सांगितलंय?"

हे खरं होतं. ताईनं मान हलवली आणि टोमॅटो चिरत राहिली.

*

संध्याकाळी दुकानात जागा पुरली नाही. टेबलावर मागच्या खिडकीचा पडदा अंथरला होता. मोठी माणसं खुर्च्यांवर, आणि गल्लीतली मुलं टायरांच्या चळतीवर. एकानं सायकलचं फ्रीव्हील कर्रकन फिरवून पाहिलं आणि बारक्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो गप्प बसला.

दादा उभा राहिला. त्यानं वडिलांबद्दल सांगितलं, पंक्चर शोधणाऱ्या ओठाबद्दल सांगितलं, आणि खोडलेल्या ओळीपाशी येऊन थांबला. थांबणं लांबलं.

तेव्हा ताई उठली. "पुढचं मी सांगते," ती म्हणाली. "आई स्टुलाला अडखळून पडली. ते वहिनीनं हलवलं होतं, असं मी तुमच्यातल्या बहुतेकांना सांगितलंय. मावशी, तुला तर फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. स्टूल आईनं स्वतः हलवलं होतं. का, ते या मुलांना विचारा."

मग मुलांनी सांगितलं, सगळ्यांनी एकदम, आणि कुणी पडलं तर कोण पडलं ते सांगायचं कसं, याचं प्रात्यक्षिकही करून दाखवलं. मावशी पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती. "ही आमची अशीच," ती शेवटी म्हणाली. "लहानपणी झाडावर चढायची आणि खालून मला म्हणायला लावायची, ती घरात आहे."

वहिनी मागे चहाच्या किटलीशी उभी होती. या क्षणाची ती किती दिवस वाट पाहत होती. आता तो आला होता आणि सरकत पुढे जात होता, आणि तिला फक्त एवढंच जाणवलं, की किटली जड आहे. तिनं ती खाली ठेवली.

लोक पांगले. वर आल्यावर तिनं पलंगाखालून बॅग ओढली. दादा दारात येऊन उभा राहिला.

"मी आहे," तो म्हणाला.

ती बॅगेची चेन लावत राहिली.

"आता सगळ्यांना कळलंय," तो म्हणाला. "ताई सगळ्यांसमोर बोलली. आता कशाला?"

"जमिनीत खड्डे सापडले म्हणून कळलं. नसते सापडले तर?" ती उठून उभी राहिली. "खड्डे बघून कुणीही विश्वास ठेवेल हो. त्याला नवरा कशाला लागतो?"

तो म्हणाला, "त्या दिवशी मी चष्म्यासाठी वर आलो नसतो तर..."

"ते बोलू नका." तिचा आवाज पहिल्यांदा जरा वर गेला. "ते मला त्याच दिवशी समजलं होतं. मी एकदा तरी तुमच्याकडे तसं पाहिलं का? मनातसुद्धा नाही. मला वाटलं होतं, तुम्हीही नाही पाहणार."

दादानं खाली पाहिलं. खाली पिवळे गोल होते, पलंगाच्या पायांभोवती, त्यानंच हातानं काढलेले. मग आपण पुन्हा खालीच बघतोय हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि त्यानं मान वर केली.

"तू हलवलं नव्हतंस," तो म्हणाला. "मला कॉरिडॉरमध्येच माहीत होतं. तू 'मी नाही' म्हणालीस तेव्हाच. तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "तेव्हा."

त्यानं बॅगेकडे हात नेला. "मी घेतो. जड असेल."

"नाही जड. सगळं नेत नाहीये."

बाहेरच्या खोलीतून ती गेली तेव्हा स्टूल खिडकीखालीच होतं. कुणीच ते परत दाराशी ठेवलं नव्हतं, ताईनंसुद्धा. ताई त्यावर बसली होती आणि खालून कुणीतरी विचारत होतं, ब्रेक घासतोय का? ताई ओरडून सांगत होती, की तिला काही कळत नाही, थांब, बारक्याला विचारते.

वहिनी पायात बूट चढवून उंबऱ्याशी थांबली. "मी जातेय," ती खोलीतल्या कुणाकडेच न बघता म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्या दारातून काहीतरी सांगून गेली.

जिन्यातली पावलं खाली गेली. दादा दार लावायला पुढे झाला. दार अर्धं उघडं होतं. या घरात दार अर्धं कुणी ठेवत नसे. आंधळ्या माणसाचं कपाळ त्याच्या कडेवर आपटतं. वहिनीला हे घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. दादाचा हात कडीवर गेला, थोडा वेळ तिथेच राहिला.

मग त्यानं हात मागे घेतला आणि दार होतं तसंच राहू दिलं.